‘नापास’ म्हणता, पण कोणत्या कलमाने?

भिवंडीत धामणकर नाक्यावर पत्ता विचारायचा तर ओरडूनच विचारावा लागतो. टेम्पोंचे हॉर्न, रिक्षावाल्यांच्या हाका, तागे लादणाऱ्या हमालांची ‘बाजू, बाजू’, आणि या सगळ्याच्या तळाशी आजूबाजूच्या गल्ल्यांतून येणारा यंत्रमागांचा खडखडाट. नवख्याला दोन मिनिटांत डोके धरावेसे वाटते. इथला माणूस मात्र त्या आवाजातच झोपतो, आणि वीज गेली, माग थांबले, की त्याची झोप मोडते असे गमतीने म्हणतात.

या नाक्याजवळच नारपोलीच्या पटेल कंपाउंडात ‘जिलानी’ नावाची तीन मजली इमारत होती. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, पावणेचारच्या सुमारास, माणसे झोपेत असताना तिचा मोठा भाग खाली बसला. करोनाचा काळ. तोंडाला फडकी बांधून शेजारीपाजारी हातांनी विटा उपसत होते, मग आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, आणि ते काम पुढे तीन-चार दिवस चालले. चाळीसच्या घरात माणसे गेली. त्यांत लहान मुले बरीच होती. इमारत १९८४ सालची असल्याचे सांगण्यात आले, म्हणजे उणेपुरे ३६ वर्षांचे तिचे आयुष्य. त्या वयाच्या माणसाला आपण तरुण म्हणतो.

त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे आठवून पाहा. इमारत धोकादायक इमारतींच्या यादीत नव्हती असे एकीकडे छापून आले, तर रहिवाशांना नोटिसा दिल्या होत्या असे दुसरीकडे. मालकावर गुन्हा नोंदला गेला, महापालिकेचे दोन अधिकारी निलंबित झाले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दोषी कोण याची चर्चा रीतसर झाली, ती व्हायलाच हवी होती. आम्हाला मात्र त्या गदारोळात एक लहानसा प्रश्न सतावत राहिला. ज्या कागदाच्या जोरावर एखाद्या माणसाने बायको-मुलांसह राहते घर सोडावे अशी आपली अपेक्षा असते, त्या कागदावर नेमके काय लिहिलेले असते?

हा प्रश्न जुन्या इमारतींपुरता नाही. नव्या बांधकामावर येणारा पालिकेचा अभियंता ‘काम नापास’ म्हणतो आणि जुन्या इमारतीत शिरणारा अभियंता ‘धोकादायक’ म्हणतो, तेव्हा दोघे एकच गोष्ट करत असतात. आपल्या मताने दुसऱ्याचा पैसा, वेळ आणि डोक्यावरचे छप्पर ते थांबवून धरतात. तसे करण्याचा अधिकार त्यांना असलाच पाहिजे. पण हे मत देताना कोणत्या नियमाचा, कोणत्या कलमाचा, कोणत्या मानकाचा भंग झाला हे त्यांनी लिहून द्यावे की नाही? वरवर पाहता हा कारकुनी प्रश्न वाटतो. आमच्या घरात तो कारकुनी राहिला नाही, म्हणून आधी ती हकिकत.

आमचे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक. निवृत्तीनंतर फंडाचे पैसे आले तसे त्यांनी एका तालुक्याच्या गावी चार खोल्यांचे आरसीसी घर बांधायला काढले. कॉलमच्या सळया बांधून झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडायचे होते. पालिकेचे साहेब आले. त्यांनी छत्रीचे टोक सळयांवरून फिरवले, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, ‘‘हे असं चालणार नाही.’’ अण्णांनी हात जोडून विचारले, ‘‘साहेब, काय चालणार नाही?’’ ‘‘तुमच्या ठेकेदाराला विचारा,’’ एवढे बोलून साहेब स्कूटरवर बसले. फायलीत शेरा पडला: काम समाधानकारक नाही.

ठेकेदार हसला. ‘‘अण्णा, तुम्ही मास्तर माणूस. साहेबांची भाषा तुम्हाला कळायची नाही.’’ आयुष्यात कुणाला चहाखेरीज काही न दिलेल्या अण्णांनी त्या रात्री एक पाकीट ठेकेदाराच्या हाती ठेवले. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडले. पुन्हा पाहायला कुणी आले नाही. ते पाकीट साहेबांपर्यंत गेले की ठेकेदाराच्याच खिशात राहिले, हे अण्णांना शेवटपर्यंत कळले नाही. पण त्या साहेबांचे नाव निघाले की ते ‘खाऊ माणूस’ एवढेच म्हणत.

वीस-बावीस वर्षांनी पुढच्या दोन कॉलमना उभे तडे गेले. एका पावसाळ्यात वीतभर काँक्रीट सुटून ओट्यावर पडले आणि आतली सळई दिसू लागली, पापुद्रे सुटलेली, तांबूस. अभियंत्याला बोलावले. त्याने खिशातली फुटपट्टी लावली आणि म्हणाला, ‘‘कव्हरच नाही. अर्धा इंचसुद्धा नाही.’’ काँक्रीटचे आवरण पुरेसे जाड असेल तोवर आतले लोखंड सुरक्षित असते. आवरण पातळ असले की हवा आणि ओल आत पोहोचते, लोखंड गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. सळई शटरिंगच्या फळीला टेकू नये म्हणून मध्ये सिमेंटचे छोटे ठोकळे लावतात, त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. आमच्या ठेकेदाराने ते लावलेच नव्हते.

म्हणजे छत्रीवाले साहेब बरोबर होते! त्यांनी बरोबर दोष हेरला होता. त्यांनी फक्त तो सांगितला नाही. आणि न सांगितल्यामुळे आम्ही त्यांना लाचखाऊ ठरवले, ठेकेदाराला शहाणा ठरवले आणि दोष जिथल्या तिथे भिंतीत गाडून टाकला.

कायदा काय म्हणतो

कारण लिहून देण्याची सक्ती कुणा सुधारकाच्या डोक्यातली नवी कल्पना आहे असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. बांधकामाची परवानगी नाकारायची असेल किंवा अटी घालून द्यायची असेल, तर त्या आदेशात कारणे नमूद केलीच पाहिजेत असे त्याच्या ४५ व्या कलमात म्हटले आहे. त्याविरुद्ध अपिलाची वाट ४७ व्या कलमात आहे. साहजिकच आहे. कारणच माहीत नसेल तर अपील कशावर करणार? माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर अर्ज येण्याचीही वाट पाहत नाही. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला आपणहून दिली पाहिजेत असे त्याचे चौथे कलम सांगते. आणि मोहिंदरसिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला दंडक वकिलांना तोंडपाठ असतो: आदेश टिकतो तो त्यात लिहिलेल्या कारणांवर. कोर्टात गेल्यावर प्रतिज्ञापत्र करून त्याला नवी कारणे चिकटवता येत नाहीत.

जुन्या इमारतींच्या बाबतीत महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. त्याचे २६४ वे कलम पडायला आलेली इमारत पाडण्याची वा दुरुस्त करण्याची नोटीस देण्याचे, आणि २६८ वे कलम ती रिकामी करवण्याचे. हे २६८ वे कलम वाचकांनी एकदा मुळातून वाचावे. घर रिकामे करण्याच्या प्रत्येक नोटिशीत त्यामागची कारणे स्पष्टपणे नमूद करावीत असे ते सांगते. एवढेच नाही, तर या आदेशामुळे बाहेर पडलेल्या माणसाला परिस्थिती निवळल्यावर पुन्हा त्या जागेत आणून बसवण्याची तरतूदही त्यातच आहे. किती भाडेकरूंना हे ठाऊक असते?

जिलानीसारख्या इमारतींना लागू पडणारे आणखी एक कलम आहे, २६५-अ. इमारत ३० वर्षांची झाली की तिच्या मालकाने वा भोगवटादाराने नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेऊन स्थिरतेचा दाखला महापालिकेला द्यायचा असतो. १९८४ ची इमारत २०१४ मध्ये ३० वर्षांची होते. कायद्याच्या पुस्तकात सगळे जागच्या जागी आहे, आणि अडचण आहे ती पुस्तकापासून जिन्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदापर्यंतच्या प्रवासात.

तीन ओळींची चिठ्ठी

आमच्या अण्णांना त्या दिवशी काय मिळायला हवे होते? एवढेच: ‘कॉलम क्र. ४, पूर्व बाजू. सळईवरचे आवरण १२ मि.मी. भरते. किमान ४० मि.मी. हवे (आय. एस. ४५६, कलम २६.४.२.१). कव्हर ब्लॉक लावून पुन्हा दाखवावे.’ आय. एस. ४५६ हे काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक, त्याची आजची मुख्य आवृत्ती २००० सालची. कलमाचा आकडा आज घडते आहे असे धरून दिला आहे, अण्णांच्या वेळी जुनी आवृत्ती होती.

या चिठ्ठीत तीन गोष्टी आल्या: काय दिसले, काय हवे होते, काय करायचे. ती वाचून अण्णा ठेकेदारापुढे उभे राहू शकले असते. शिवाय ती उलटूनही वापरता येते. त्याच कलमात पुढे सवलत आहे: कॉलमची लहान बाजू २०० मि.मी. किंवा त्याहून कमी असेल आणि सळई १२ मि.मी.हून जाड नसेल, तर २५ मि.मी. आवरणही चालते. साहेबांची नजर चुकली असेल तर ठेकेदार तेच कलम दाखवून सांगू शकतो, की साहेब, हा कॉलम सवलतीत बसतो. ‘समाधानकारक नाही’ या शब्दांशी मात्र कुणी काय वाद घालणार? ज्या शेऱ्याला उत्तर देता येत नाही त्याची फक्त किंमत विचारता येते.

भिवंडीत तर मोजून सांगण्यासारखे पुष्कळ आहे. खाली मागांचा गाळा, वर राहत्या खोल्या, ही इथली जुनी रीत. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलोंचा भार धरून आखतात. हलकी यंत्रे चालणाऱ्या कारखान्यासाठी तोच आकडा ५०० किलो धरावा लागतो. हे आकडे आय. एस. ८७५ च्या दुसऱ्या भागातले. राहत्या मजल्यावर कुणी यंत्रे चढवली असतील, तर ‘इमारतीचा गैरवापर’ असे मोघम लिहिण्याऐवजी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. अभियांत्रिकी न शिकलेल्या माणसालाही ते कळतात.

या मानकांची पुस्तके पूर्वी सामान्यांच्या हाती पडणे कठीण होते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीची किंमत १३,७६० रुपये होती. जो नियम पाळायचा तो वाचायलाच इतके पैसे का, म्हणून कार्ल मालामुद नावाच्या अमेरिकन गृहस्थाने भारतीय मानके खुशाल इंटरनेटवर ठेवून दिली आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत भांडण नेले. आता ही मानके ब्यूरोच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात. तेव्हा ‘पुस्तक कुठे आहे’ ही सबब दोन्ही बाजूंनी संपली.

साहेबांची बाजू

एवढे सगळे लिहून झाल्यावर आम्ही ते एका निवृत्त ओव्हरसियरना वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘बल्ल्या काढताना पाहिलंय कधी?’’ स्लॅब पडल्यावर खालच्या टेकूच्या बल्ल्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवाव्यात असे तेच मानक सांगते. ‘‘चौथ्या दिवशी माणूस बल्लीला हात घालताना दिसला तर मी ओरडू की कलम शोधू?’’

ओरडावे, यात दुमत नाही. काम तोंडी थांबवावे आणि संध्याकाळपर्यंत लेखी कारण हातात द्यावे. धोका समोर असताना पुस्तक आडवे येऊ नये. पण धोका टळल्यावर पंधरा दिवस फाईल ‘विचाराधीन’ राहते, तेव्हा आडवे काय येते?

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक जड होता. ‘‘कलमाचा आकडा चुकला तर बिल्डरचा वकील दुसऱ्या दिवशी स्थगिती आणतो. आम्हाला कुठे वकील देतात?’’ ही भीती खरी आहे. न्यायालयांनी मात्र याबाबत पुष्कळ समंजसपणा दाखवला आहे. अधिकार मुळात कायद्यात असेल तर केवळ चुकीचे कलम लिहिले म्हणून आदेश रद्द होत नाही, हे तत्त्व जुने आणि पक्के आहे. आदेश कोसळतो तो वस्तुस्थितीच लिहिलेली नसते म्हणून. तेव्हा आकडा चुकण्याच्या भीतीने कारणच न लिहिणे म्हणजे घसरून पडू या भीतीने जिनाच न बांधण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली, आणि तिला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. ‘‘एक दोष लिहून दिला की ते तेवढाच दुरुस्त करतात. पुढे काही झालं की म्हणतात, साहेबांनी बाकी सगळं पास केलं होतं.’’ खरेच आहे. चिठ्ठीवर कोणता टप्पा, कोणता भाग पाहिला हे लिहिले तर थोडा बचाव होईल, आणि आराखड्यावर सही करणाऱ्या संरचना अभियंत्याची जबाबदारी तर सुटत नाहीच. तरी ज्या अभियंत्याच्या माथी सबंध प्रभाग मारलेला असतो, तो स्वतःच्या सहीचा कागद जपूनच देणार. शेरा मोघम ठेवण्यात जितकी लाचखोरी आहे तितकीच भीतीही आहे, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

आता उलटी बाजू. कलम आहे आणि बाकी काहीच नाही, असेही कागद निघतात. पावसाळा तोंडावर आला की शहरोशहरी धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध होतात आणि नोटिसा वाटल्या जातात. छापील नमुना, रिकाम्या जागी घर क्रमांक. ‘कलम २६४ अन्वये आपणांस कळविण्यात येते की...’ आकडा ठळक. पण कोणता कॉलम, कोणती तुळई, कुणी पाहिले, कधी पाहिले? कलमाचा आकडा हा अधिकाराचा पत्ता असतो, ते कारण नव्हे. वास्तविक सरकारने या इमारतींचे वर्गही करून दिले आहेत: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२-अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२-ब म्हणजे माणसे आत असतानाच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. वर्ग कळला आणि तो कशावरून ठरला हे कळले, तर पुढे काय करायचे ते घरातल्या म्हाताऱ्यालाही कळते. नुसत्या ‘धोकादायक’ या शब्दात हे चारही वर्ग बुडून जातात.

आणि तो कागद वाचणारा कोण आहे तेही पाहायला हवे. त्याने डिपॉझिट भरले आहे, बहुतेक वेळा पावतीविना. मालकाला जागा रिकामी हवी आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे. अशा वेळी दारावर छापील नोटीस लागली की त्याच्या मनात पहिला विचार येतो तो मालकाने साहेबांना हाताशी धरल्याचा. स्लॅब त्याच्या डोळ्यांपुढे येतच नाही. तो चुकतो असे म्हणायची आमची हिंमत नाही, कारण असे प्रकार होतातही. खरी नोटीस आणि डावाची नोटीस सारखीच दिसत असेल, तर तो दोन्ही फाडून टाकतो. ‘पहिल्या मजल्यावर जिन्यालगतच्या कॉलमची सळई उघडी पडली आहे, छायाचित्र सोबत’ असे लिहिले असेल तर तो निदान खाली उतरून तो कॉलम पाहील. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय राहते घर कुणी सोडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, ज्याला लोक बुलडोझरचा निकाल म्हणतात त्यात, बेकायदा बांधकाम पाडण्याबाबत नेमके हेच सांगितले. नोटिशीत बांधकामाचे स्वरूप, नेमका कोणता भंग झाला आणि पाडण्याची कारणे काय हे लिहा, सुनावणीची तारीख द्या, किमान १५ दिवसांची मुदत द्या, आणि हे सगळे संकेतस्थळावर टाका. रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागांवरची अतिक्रमणे त्यातून वगळली आहेत. निकालाचा रोख बुलडोझरवर असला, तरी तो नीट वाचला तर छत्रीवाल्या साहेबांपर्यंतही पोहोचतो.

पण मुळात साहेबच नसतील तर? भिवंडी शहराची हद्द ओलांडली की गोदामांचे राज्य सुरू होते. देशभरचा माल ज्या गोदामांतून फिरतो त्यांतली कित्येक उभी राहिली ती ग्रामपंचायतीच्या कागदावर. शहराभोवतीच्या ६० गावांसाठी एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण नेमलेले आहे. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाड्याला वर्धमान कंपाउंडातली इमारत कोसळली, ८ माणसे गेली. खाली गोदाम, वर राहती कुटुंबे. तीच रीत, फक्त मागांच्या जागी खोकी. पंचायतीचा दाखला आणि प्राधिकरणाची परवानगी यांच्यामधल्या फटीत उभ्या राहिलेल्या बांधकामाची सळई ओतण्याआधी कुणी पाहायची, या प्रश्नाचे उत्तर अपघातानंतर शोधले जाते.

जिलानी पडल्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, डिसेंबर २०२० मध्ये, मुंबई आणि काही क्षेत्रे वगळता सगळ्या राज्यासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. पूर्वी गावागणिक नियम वेगळे असत आणि ‘आमच्याकडे असंच आहे’ हे साहेबांचे शेवटचे वाक्य असे. आता विनियमाचा क्रमांक भिवंडीत आणि बारामतीत एकच आहे. लिहायला सोपे, शोधायला सोपे. तो लिहिला मात्र पाहिजे, आणि वाचता येईल अशा भाषेत. धामणकर नाक्याच्या परिसरात उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर उर्दू-हिंदी वाचतो, पद्मानगरातल्या घरांत तेलुगू बोलली जाते, आणि नोटिशीतली ‘संदर्भाधीन मिळकतीच्या अनुषंगाने’ ही मराठी तर आम्हालाही दोनदा वाचावी लागते.

आमच्या घराचे ते दोन कॉलम पुढे दुरुस्त करून घेतले. गंजलेली सळई घासून, नवी जोडून, भोवती जाळी आणि नवे काँक्रीट. खर्च सांगितला तेव्हा अण्णा गप्प बसले होते. काम चालू असताना त्यांनी मिस्त्रीकडून एक कव्हर ब्लॉक मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘‘हा केवढ्याला येतो?’’

मिस्त्री म्हणाला, ‘‘हा विकत कशाला आणायचा, आण्णा? उरलेल्या मालाचाच पाडतो आम्ही.’’